धबधब्यापाशी मी बटव्यात होतो

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. हे भारदस्त नाव माझ्या खोक्यावर छापलेले होते. घरात मला सगळे ‘कानाचं मशीन’ म्हणतात. काजूसारखा वाकलेला, राखी रंगाचा माझा देह. मी कानामागे बसतो. माझ्यातून एक बारीक पारदर्शक नळी निघते आणि तिच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा असतो. पोटात शर्टाच्या बटणाएवढा सेल. माझे काम एकच. बाहेरचा आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि कानात सोडायचा. मला स्वतःचा शब्द नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्यातच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले मला फार थोडे आठवते. लांबलचक टेबले, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली, डोळ्यांपुढे मोठी भिंगे. एका मुलीने चिमट्याने माझ्या पोटातली तार जोडली, मला कानाजवळ धरले आणि बोटांनी टिचकी वाजवली. मी जगात ऐकलेला पहिला आवाज तो. ती हसली आणि तिने मला खोक्यात ठेवले. त्यानंतर बराच काळ अंधार होता. डोळे उघडले तेव्हा मी वाराणसीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो.

आठ वर्षांपूर्वी तिथे तेजश्री आपल्या सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंचे नाव मृणालिनी. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या काशीतच असल्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी त्यांची रीत. त्यांनी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. त्या राहतात त्या दूधविनायकच्या गल्लीत आजही निम्म्या बायका त्यांना ‘बाई’ म्हणतात. मीही बाईच म्हणतो.

दुकानातल्या माणसाने बाईंच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. डावा कान पूर्ण गेला होता, त्याचा काही उपाय नव्हता. आठ दिवसांनी मी त्यांच्या कानावर बसून घरी आलो. घरात पाऊल टाकताच बाई थबकल्या.

“तेजश्री, हे काय फरफर वाजतंय गं?”

“आई, पंखा आहे तो.”

“रोज वाजतो?”

“रोज.”

बाई हसल्या. मग त्या पंख्याखाली खुर्ची ओढून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. नंतर त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. संध्याकाळी खिडकी उघडली तेव्हा संकठा देवीच्या देवळातली घंटा ऐकू आली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “ही अशीच वाजायची,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचा फार अभिमान वाटला.

पहिली दोन वर्षे माझे खूप लाड झाले. बाई रोज मऊ कापडाने मला पुसत. झोपताना माझ्या पोटाचे झाकण उघडून मला डबीत ठेवत, म्हणजे मला विश्रांती मिळे आणि सेलही वाचे. मुलगा अनिमेष बँकेतून घरी आला की आधी विचारायचा, “आई, मशीन काय म्हणतंय?”

मग एक दिवस मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर बाई प्रसादाच्या रांगेत उभ्या होत्या. मागून एकीने काही विचारले. गर्दीत मला ते नीट पकडता आले नाही. लगेच दुसरी तिला म्हणाली, “जोरात बोल, बहिऱ्या झाल्यात त्या.” हे वाक्य मात्र मी चोख पोचवले. वाक्य निवडणे माझ्या हातात नसते.

शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड असताना पकडणाऱ्या बाई होत्या त्या. त्या दिवसापासून त्या कानावरून केस ओढून मला झाकू लागल्या. पाहुणे आले की मला काढून उशीखाली ठेवू लागल्या. आणि ऐकू आले नाही की हसून मान डोलावू लागल्या. समोरच्याला वाटे, बाईंना पटले. मी उशीखाली पडून ऐकत असे. लोक विचारीत एक आणि बाई उत्तर देत भलतेच. मला ओरडून सांगता आले असते तर!

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर बाईंची मैत्रीण आठवडाभरासाठी सांगलीहून आली. तिचे नाव शरदिनी. दोघी याच गल्लीत वाढलेल्या. शरदिनीताईंचे वडील शिंदे घाटावर उपाध्ये होते. एकविसाव्या वर्षी त्या लग्न होऊन सांगलीला गेल्या आणि त्यांच्या बोलण्यात तिकडचा ‘की’ येऊन बसला. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गोपीनाथराव वारले. मुलगा ऋतुराज कॅनडात. दोघी मैत्रिणींची भेट अकरा वर्षांत झाली नव्हती, पण रोज सकाळी मोबाइलवर एकमेकींना निरोप लिहीत. शरदिनीताई लिहायच्या, ‘फोन का करत नाहीस?’ बाई उत्तर द्यायच्या, ‘गल्लीत नेटवर्क नाही गं.’ नेटवर्क चांगले होते. फोनवर शब्द तुटत होते, ते मैत्रिणीला कळू द्यायचे नव्हते.

स्टेशनवर निघताना तेजश्री म्हणाली, “आई, मावशींना मशीनचं सांगून टाका ना. त्यात काय एवढं!”

बाईंनी आरशासमोर माझ्यावर केस नीट बसवले. “सांगीन गं. पहिल्याच दिवशी नको. चार दिवस तिच्या मनात आहे तशीच राहू दे मला.”

मित्रांनो, पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. बाईंनी आधीच वहीत बेत लिहून ठेवला होता. आधी एक दिवस शहराची मौज, मग तीन दिवस बाहेरची सैर आणि शेवटी पुन्हा शहर. पहिल्या दिवशी ई-रिक्षाने गोदौलियाच्या बाजारात जाऊन दोघींनी टमाटर चाट खाल्ली. शरदिनीताईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आले तरी त्यांनी चाटेचा दुसरा मातीचा कुल्हड मागितला. “सांगलीत भेळ मिळते की, पण ही गंमत नाही,” त्या म्हणाल्या. तिथून दोघी मॉलमध्ये गेल्या. सरकत्या जिन्यापाशी शरदिनीताई अडून बसल्या.

“तू आधी जा की.”

“तू पाय ठेव, मी हात धरते. एक, दोन...”

तीन म्हणायच्या आत दोघी वर निघाल्या होत्या. वर पोचल्यावर त्यांना इतके हसू आले की पहारेकरी विचारायला आला, “माताजी, सब ठीक है न?” त्यांनी त्याच जिन्यावरून आणखी तीन फेऱ्या मारल्या. नंतर सिनेमा पाहिला. तिथला आवाज इतका मोठा की मला काहीच कष्ट पडले नाहीत. बाई शब्दन् शब्द ऐकत होत्या आणि शरदिनीताई शेजारी गाढ झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रामनगरची नावेतली सफर झाली. नुकताच पूर ओसरला होता. घाटांवर चिखलाचे थर होते आणि माणसे पंप लावून पाण्याच्या फवाऱ्याने पायऱ्या धुत होती. आमची नाव इंजिनाची. तिचा भडभडाट सुरू झाला आणि माझे काही चालेना. माझ्यासारख्या यंत्राला माणसाचा शब्द आणि इंजिनाचा आवाज वेगळा काढता येत नाही. दोन्ही सारखेच मोठे करून मी आत ढकलत राहिलो. शरदिनीताई वाटेत बरेच काही बोलत होत्या. बाई हसत होत्या, मान डोलावत होत्या.

“माझं ऐकतेस ना गं?” शरदिनीताईंनी एकदा विचारले.

बाईंनी जोरात मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सारनाथ. तिथे झाडाखाली गवतावर दोघी बसल्या. आजूबाजूला शांत होते, त्यामुळे मला सगळे स्वच्छ ऐकू येत होते. शरदिनीताई गवताची काडी मोडत सहज म्हणाल्यासारखे म्हणाल्या, “तुमच्या घराच्या खाली ती खोली होती ना, तुझे काका राहायचे ती. तिथे कोण असतं आता?”

“कोणी नाही. कुलूप आहे.”

“असं होय,” शरदिनीताई म्हणाल्या. त्यांनी मोठा श्वास घेतला. तो श्वास मी ऐकला. तेवढ्यात एक शेंगदाणेवाला आला आणि विषय बदलला.

त्याच संध्याकाळी शरदिनीताई देवळात गेल्या असताना बाई स्वयंपाकघरात तेजश्रीला म्हणाल्या, “शरूने खालच्या खोलीची चौकशी केली आज. माझ्या मनात किती दिवसांपासून आहे बघ. तिने इथे येऊन राहावं. तिकडे ती एकटी, इकडे तुम्ही दोघं दिवसभर कामावर, मी एकटी.”

“मग विचारा ना! अनिमेषला पण आवडेल.”

“अगं, तिचं घर आहे, मुलगा आहे. सांगली सोडून ती कशाला येईल? मी विचारायचं आणि तिला नाही म्हणणं जड जायचं. उगाच तिला परेशान कशाला करू? जायच्या आदल्या दिवशी बघते, हिंमत झाली तर विचारते.”

मित्रांनो, त्या क्षणी जगात दोघींचे मन मला एकट्याला ठाऊक होते. एकीचा श्वास मी ऐकला होता, दुसरीचे शब्द मी ऐकले होते. पण माझ्यातून आवाज फक्त एकाच बाजूला जातो.

चौथ्या दिवशी गाडी करून दोघी राजदरीचा धबधबा पाहायला गेल्या. चंदौलीच्या जंगलातला हा धबधबा पावसाळ्यानंतर जोरात असतो. गाडीवाला म्हणाला, “माताजी, आराम से घूमिए, बस पाँच बजे तक लौट आइएगा.” दोघी हात धरून कठड्यापर्यंत गेल्या. समोर पाणी कोसळत होते आणि वारा वळला की त्याचे तुषार थेट अंगावर येत होते. शेजारून पायऱ्या खाली डोहापर्यंत उतरत होत्या. त्या शेवाळलेल्या होत्या.

माझे पाण्याशी वैर आहे. दुकानदाराने बाईंना पहिल्याच दिवशी बजावले होते, मशीन भिजवू नका. पहिले तुषार येताच बाईंनी शरदिनीताईंकडे पाठ केली, पदर सावरल्याचा बहाणा केला आणि मला कानावरून काढून रुमालात गुंडाळले. रुमाल बटव्यात गेला. बटवा हातात. घाईत त्यांनी माझ्या पोटाचे झाकण उघडले नाही. मी चालूच राहिलो.

दोघी थोड्या मागे जाऊन एका बाकावर बसल्या. तिथे पाण्याचा आवाज जरा कमी होता. माणसाला माणसाचे बोलणे ऐकू आले असते. बाईंना मात्र आता पाण्याचाही आवाज येत नव्हता. त्या पाण्याकडे पाहून प्रसन्न हसत होत्या.

शरदिनीताई बोलू लागल्या. त्या बाईंकडे पाहत नव्हत्या. त्याही पाण्याकडेच पाहत होत्या. अवघड बोलायचे असले की माणसे तोंड फिरवून बोलतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

“मृणाल, तुला एक विचारायचं होतं. नावेतच सुरुवात केली होती, पण त्या आवाजात धड बोलता येईना. ऋतुराज म्हणतोय, आई, सांगलीचं घर विकू या. गिऱ्हाईकही ठरवलंय त्याने. त्याने मिरजेला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तो वाईट नाही गं, त्याला काळजी वाटते. पण मला नाही जायचं तिथे. अनोळखी माणसांत शेवटचे दिवस...” त्या थांबल्या. “तुमची ती खालची खोली रिकामी आहे ना? मी येऊन राहू का तिथे? माझं मी करून खाईन. तुमच्यावर भार नाही पडू देणार. लहानपणी हाक मारली की खिडकीत यायचीस ना, तेवढंच पाहिजे मला.”

‘खालची’ म्हणताना त्यांचा हात आपसूक खाली गेला होता. बाईंची नजर त्या हाताकडे गेली. हात ज्या दिशेला होता तिथे शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. शरदिनीताईंना खाली डोहापर्यंत उतरायचे आहे, असे बाईंना वाटले.

“छे गं शरू!” बाई हसून म्हणाल्या. “भलतंच काय तुझं! आता या वयात नको असले हट्ट. आहोत तिथेच बऱ्या आहोत आपण.”

शरदिनीताईंनी वळून पाहिले. “नको?”

त्यांचा चेहरा पाहून बाईंना वाटले, मैत्रीण रुसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “नको म्हणजे नकोच. काही झालं तर तेजश्रीला काय सांगू मी? रागवेल ती मला.”

मी बटव्यात तडफडत होतो. मित्रांनो, मी चालू असताना मला कोणी गुंडाळून ठेवले, की माझाच आवाज माझ्यात फिरतो आणि मी शिट्टी वाजवतो. तेवढा एकच आवाज मला काढता येतो. मी तो काढला. होता नव्हता तेवढा जीव लावून काढला.

“काहीतरी वाजतंय का गं?” शरदिनीताईंनी पुसट आवाजात विचारले. बाई हसत होत्या. त्यांना शिट्टी ऐकू आली नाही, प्रश्नही ऐकू आला नाही. “रातकिडा असेल कुठला,” शरदिनीताई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. बाईंना वाटले, तुषार उडाले.

परतताना गाडीत बाईंनी हळूच मला कानावर चढवले. आता मला सगळे ऐकवता आले असते, पण गाडीत कोणी बोलतच नव्हते. शरदिनीताई काचेतून बाहेर पाहत होत्या.

“दमलीस?” बाईंनी विचारले.

“हो गं, जरा.”

पुढच्या दोन दिवसांत शरदिनीताई सगळीकडे आल्या. बनारसी साड्या पाहिल्या, लस्सी प्यायल्या, अस्सी घाटावर बसल्या. हसायच्या ठिकाणी हसल्याही. पण त्यांचा तो ‘की’ बोलण्यातून नाहीसा झाला होता. ते मी सगळ्यांच्या आधी ओळखले.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या गॅलरीत फोनवर बोलत होत्या. “हो. माझं नाव पक्कं करा. दिवाळीच्या आधी येते मी.” मी ते बाईंच्या कानात पोचवले.

“कुठे जायचंय दिवाळीच्या आधी?” बाईंनी विचारले.

“आहे एक काम.”

बाईंनी हात पुसले आणि त्या मैत्रिणीच्या समोर जाऊन बसल्या. त्यांची छाती धडधडत होती. तो आवाज मला नळीतून जाणवत होता. आता बोलणार, आता सगळे नीट होणार, असे मला वाटले.

“शरू, माझ्या मनात एक होतं...”

“मला माहीत आहे गं,” शरदिनीताई घाईने म्हणाल्या. “तो विषय नको आता. माझा राग नाही तुझ्यावर. सांगलीला माझं सगळं ठरलंय.”

बाईंना वाटले, शरूने माझ्या मनातले ओळखले आणि मला नाही म्हणायची वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून आधीच सांगितले. किती समजूतदार मैत्रीण! त्यांनी तिचा हात थोपटला. आणि शरदिनीताईंना वाटले, मृणाल नकाराबद्दल वाईट वाटून घेत होती, बरे झाले तिला बोलू दिले नाही. दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतले, मित्रांनो. इतक्या मायेने घेतले की मधली वाट कायमची बंद झाली. मी बाईंच्या कानावर, शरदिनीताईंपासून दोन हातांवर होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटताना शरदिनीताई खिडकीतून म्हणाल्या, “सांभाळून राहा.” स्टेशनच्या गोंगाटातही हे दोन शब्द मी बरोबर पकडले.

दिवाळीच्या आधी बाईंनी सांगलीला फराळाचा डबा पाठवला. अनारसे शरूला आवडतात म्हणून ते स्वतः केले. दिवाळी होऊन गेल्यावर डबा तसाच परत आला. वर चिठ्ठी होती, घर बंद. रोजच्या निरोपांत शरदिनीताईंनी घराविषयी काहीच लिहिले नव्हते. बाई घाबरल्या. तेजश्रीने लगेच फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

“शरूमावशी, फराळ परत आला. कुठे आहात तुम्ही?”

“अगं, मी मिरजेला असते आता. घर विकलं.”

“मिरजेला? कोणाकडे?”

“वृद्धाश्रमात. चांगला आहे. सकाळचं ऊन येतं खोलीत.”

बाईंनी फोन उचलला. “शरू! वृद्धाश्रमात? अगं, मला एका शब्दाने विचारायचंस! खालची खोली मी तुझ्यासाठीच मनात धरून बसले होते. तुला अवघड वाटेल म्हणून बोलले नाही.”

मी शांतताही मोठी करून ऐकवतो. तिकडे कुठेतरी एक भांडे पडले, कोणीतरी खोकले.

“विचारलं होतं, मृणाल,” शरदिनीताई म्हणाल्या. “धबधब्यापाशी. तू नको म्हणालीस. तेजश्री रागवेल म्हणालीस.”

तेजश्रीने तोंडावर हात ठेवला. बाई ओट्याला टेकल्या. त्यांना सगळे आठवले असावे. तो हात, त्या पायऱ्या, तो रुमाल.

“मला ऐकू येत नाही गं,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. “कानात मशीन असतं माझ्या. तिथे पाणी उडत होतं म्हणून काढलं होतं. तुला खाली डोहाकडे उतरायचंय असं वाटलं मला. पाय घसरेल म्हणून नको म्हटलं.”

“मशीन? आणि मला नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

“माझी?” शरदिनीताईंचा आवाज फुटला. “माझी कसली लाज गं?”

बाई घाईघाईने म्हणाल्या, “आता ये. आजच निघ. अनिमेषला पाठवते न्यायला. खोली उघडून ठेवते.”

“नाही गं.” शरदिनीताई रडत होत्या, पण शब्द स्पष्ट होते. “पन्नास वर्षांचं घर मोडलं मी. भांडी वाटली, तुळस शेजारी दिली, यांचा कोट कोणाला तरी देऊन टाकला. तेवढं केलं तेव्हा काही दिवस नुसती पडून होते. आता इथे चार कपडे कपाटात लावलेत. पुन्हा सगळं उचकटायचं बळ नाही राहिलं. गुडघ्यांत नाही आणि मनातही नाही.”

बाईंनी खूप समजावले. अनिमेष बोलला, तेजश्री बोलली. नंतरही आठवडाभर सगळे रोज बोलले. शरदिनीताई प्रेमाने ऐकून घेत आणि नाही म्हणत. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या थकल्या होत्या. मी त्यांचा प्रत्येक नकार बाईंच्या कानात पोचवला. ते माझे काम आहे.

आता मीही थकलो आहे. माझ्या झाकणाला चीर गेली आहे, तिच्यावर चिकटपट्टी आहे. बारीक आवाज मला पूर्वीसारखे सापडत नाहीत. ‘श’ आणि ‘स’ तर हवेसारखे निसटतात. अनिमेष म्हणतो, नवे मशीन घेऊ. बाई म्हणतात, घेऊ, पण हे आहे तोवर राहू दे.

मित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शेजारी कोणाच्या कानात माझ्यासारखे यंत्र असेल. ते कोरडे आहे ना, त्याचा सेल संपला नाही ना, याची आठवण त्यांना करून द्या. त्यांच्याशी बोलताना समोर बसा, तोंड फिरवू नका. त्यांनी नुसते हसून मान डोलावली, तर आपले बोलणे पोचले असे समजू नका. त्यांना कोणासमोर बहिरे म्हणू नका. तो एक शब्द त्यांना किती काय काय लपवायला लावतो, हे मी पाहिले आहे. आणि तुम्हाला स्वतःला कधी ऐकू आले नाही, तर ‘पुन्हा सांग’ म्हणायला लाजू नका.

बाईंना आता ते जमते. रोज दुपारी चार वाजता मिरजेहून फोन येतो. मध्येच माझा सूर बिघडतो, वाक्य अर्धे राहते. बाई लगेच म्हणतात, “पुन्हा सांग, शरू.” एका फोनमध्ये पाच-सहा वेळा तरी म्हणतात. आणि तिकडून शरदिनीताई तेच वाक्य, न कंटाळता, जरा मोठ्याने पुन्हा सांगतात.